शाया कवा उघडन, मास्तर?

मागच्या उन्हाळ्यात घराला रंग द्यायचा म्हणून कपाट रिकामे करत होतो, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात माझी २०२०-२१ सालची टाचणवही सापडली. जे शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, उद्या वर्गात काय शिकवायचे ते आदल्या दिवशी जिच्यात लिहून ठेवतात ती टाचणवही. मुख्याध्यापक तिच्यावर सही करतात आणि केंद्रप्रमुख शाळेत आले की खुर्चीवर बसण्याआधी तीच मागतात. माझी ही वही मात्र भलतीच होती. तिच्यात धडे नव्हते, तारखा होत्या. पेनाने लिहिलेल्या आणि पेनानेच खोडलेल्या. काही तारखा तर इतक्या जोराने खोडल्या होत्या की पुढच्या पानावर वळ उठले होते.

मी नांदुऱ्यात राहतो आणि तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवतो. शाळा पहिली ते सातवी. घरापासून मोटारसायकलने पंधरा मिनिटे. नोकरीची अठरा वर्षे त्या एकाच रस्त्यावर गेली. गावातले लोक नाव घेऊन हाक मारत नाहीत, मास्तर म्हणतात. कोरोनाच्या दोन वर्षांत मला जितक्या लोकांनी फोन केले तितके त्याआधीच्या सोळा वर्षांत केले नसतील आणि त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच होता, ‘शाया कवा उघडन, मास्तर?’

पहिली तारीख ३१ मार्च २०२० होती. मार्चच्या मध्यात आधी शहरांतल्या आणि मग आमच्या खेड्यांतल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा ३१ मार्चपर्यंत असेच सांगितले होते. मुलांना वाटले, पंधरा दिवसांची सुट्टी. ती ओरडत घरी पळाली. एकाने दप्तर वर्गातच सोडले, आता लगेच तर यायचे आहे म्हणून. ते दप्तर मी पुढे कित्येक महिने ऑफिसच्या कपाटात सांभाळले. त्यातल्या डब्यात अर्धी भाकर होती, ती मात्र जूनमध्ये दिसली.

पण माझी खरी फजिती सुरू झाली ती १५ जून २०२० पासून. त्या दिवशी शासन निर्णय आला. नववी, दहावी आणि बारावी जुलैमध्ये, सहावी ते आठवी ऑगस्टमध्ये, तिसरी ते पाचवी सप्टेंबरमध्ये आणि पहिली-दुसरी शाळा व्यवस्थापनाच्या संमतीने, असे टप्पे होते. विदर्भात उन्हामुळे शाळा तेव्हा एरवी २६ जूनला उघडत, म्हणजे आमच्या हिशेबाने फार उशीर नव्हता. मी तो कागद दोनदा वाचला आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. खाली मोठ्या हौसेने लिहिले, सहावी-सातवीच्या पालकांनी ऑगस्टची तयारी ठेवावी. अंगठ्यांचा पाऊस पडला. ज्यांच्याकडे तसला फोन नव्हता त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगून आलो. आज वाटते, निदान तेवढे तरी करायला नको होते.

कारण त्याच दिवसांत आमच्या शाळेत वेगळेच विद्यार्थी राहत होते. पुण्या-मुंबईहून आणि सुरतेहून गावी परतलेल्या मजुरांना चौदा दिवस शाळेच्या खोल्यांत ठेवले जाई. सातवीच्या वर्गात एक कुटुंब, पाचवीच्या वर्गात दोन तरुण. व्हरांड्यात त्यांचे कपडे वाळत. गावातली पोरे कुंपणाबाहेर उभी राहून पाहत आणि एकमेकांना सांगत, शाळा तर चालूच आहे की.

गावात एक शेतकरी आहे. दीड एकर कोरडवाहू आणि बाकी वर्षभर मजुरी. मी त्याला भाऊ म्हणतो, इथेही तेवढेच म्हणेन. त्याची थोरली मुलगी माझ्या हातून सातवी पास झाली होती. आठवीला तिला नांदुऱ्याच्या शाळेत घातले. मुलींना एसटीचा पास मोफत असतो, म्हणून खेड्यातल्या बापाला तेवढे धाडस करता येते. ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा भाऊने मला विचारले, ‘फोन घ्याच लागते का, मास्तर? का उघडतेच आता शाया?’ मी म्हणालो, ‘ऑगस्टमध्ये उघडते आहे. पण दोन महिन्यांचा अभ्यास बुडवू नका.’ त्याने बकरा विकला. तो बकरा ईदसाठी राखलेला होता. बकरी ईद १ ऑगस्टला होती आणि तोवर थांबला असता तर चार पैसे जास्त मिळाले असते, पण बाजार भरेल की नाही हेही त्या वर्षी कोणाला ठाऊक नव्हते. गिऱ्हाईक माझ्याच मोहल्ल्यातले निघाले. त्या पैशांत त्याने जुना, काच तडकलेला फोन घेतला. दोन महिन्यांपुरता.

ऑगस्ट आला आणि गेला. सप्टेंबरमध्ये आम्ही ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणासाठी घरोघर ताप मोजत फिरत होतो. दार उघडताच आधी प्रश्न शाळेचा, मग कपाळ पुढे. आम्ही काहीच केले नाही असे नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोज फोनवर अभ्यास येई, तो मी पुढे पाठवी. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागे. ज्यांच्या घरी टीव्ही होता आणि त्या वेळी वीज होती त्यांनी ती पाहिली. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ पालकांना वाटली. दर वाटपाला पालक रांगेत उभे राहत, पिशवी पुढे करत आणि तोच प्रश्न विचारत. एका आजीने तर सांगितले, ‘तांदूय नाही भेटले तं चालन, पन पोट्टं घरात नको. डोकं खाते.’

अशा गोष्टींवर हसता येत होते. पण हळूहळू प्रश्नातला सूर बदलला. ४ मे २०२० लाच दारूची दुकाने उघडायला परवानगी मिळाली होती. ५ ऑक्टोबरपासून हॉटेले आणि बार सुरू झाले. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळे आणि मशिदी उघडल्या. मी जुम्म्याला मशिदीत गेलो, अंतर राखून नमाज पढलो, डोळ्यांत पाणी आले. बाहेर पडताना जोड्यांपाशी मोहल्ल्यातला एक रिक्षावाला म्हणाला, ‘सर, अल्लाह का घर खुल गया, इस्कूल का ताला कब खुलता?’

२३ नोव्हेंबरला नववी ते बारावी सुरू करायचे ठरले, पण शेवटचा शब्द स्थानिक प्रशासनाचा. मुंबई नाही म्हणाली, कुठे डिसेंबरवर ढकलले. शिक्षकांच्या नाकात काड्या घालून तपासण्या झाल्या. पालकांकडून संमतीपत्रे घ्यायची होती. मला त्या संमतीपत्राचा फार राग आला होता. शाळा सुरक्षित आहे की नाही हे ज्यांना यंत्रणा असून नक्की सांगता येत नव्हते, ते ठरवायचे काम अंगठा उठवणाऱ्या बाईवर टाकले होते. पुढे आमच्या वर्गांची वेळ आली तेव्हा एका आईने शाईचा अंगठा हवेत धरून मला विचारले, ‘सर, काही झालं तं माह्यावरच येईन ना?’ मी काय सांगणार? म्हणालो, काही होत नाही. आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतींचे मतदान झाले. मला दुसऱ्या गावच्या केंद्रावर नेमले होते. केंद्र अर्थातच शाळेत. आदल्या संध्याकाळी पेट्या घेऊन पोहोचलो तर वर्गाच्या फळ्यावर मार्च २०२० ची तारीख तशीच होती, खाली सुविचार आणि पटसंख्या. मतदान यंत्र ठेवायला आम्ही पहिलीतल्या मुलांची बाके एकावर एक रचली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रांग लागली. एक बाई बोटाला शाई लावून घेताना फळ्याकडे बघत म्हणाली, ‘आमी आलेलं चालते इथं. लेकरू आलेलं नाही चालत.’ माझ्याकडे पाहून नव्हती बोलली, पण माझ्याकडे बघून बोलली असती तर बरे झाले असते असे वाटले.

२७ जानेवारीला पाचवी ते आठवी उघडली. इथे मला माझ्या घरातले सांगितले पाहिजे.

माझी धाकटी त्या वर्षी पाचवीत गेली होती. नवी शाळा, नवा गणवेश. गणवेश जून २०२० मध्येच शिवून आणला होता, कारण शिंप्याला मीच आत्मविश्वासाने सांगितले होते की यंदा उशीर नको. सात महिने तो पिशवीत राहिला. २७ जानेवारीला तिच्या आईने बाहीची शिवण उसवून सैल केली आणि लेक शाळेत गेली. जेमतेम साडेतीन आठवडे. फेब्रुवारीत अमरावती विभागात रुग्ण झपाट्याने वाढले, २२ तारखेला अमरावतीत टाळेबंदी लागली आणि आमच्या जिल्ह्यातल्या शाळाही पुन्हा मिटल्या. तिला एक मैत्रीण मिळाली होती. तिचे पूर्ण नाव विचारायचे राहून गेले, आणि चेहराही अर्धाच पाहिलेला, मास्कच्या वरचा.

थोरला दहावीत होता. त्याची परीक्षा २९ एप्रिलला सुरू व्हायची होती. १२ एप्रिलला ती जूनमध्ये गेली आणि २० एप्रिलला रद्दच झाली. रमजान चालू होता. इफ्तारीला बसलो असताना फोनवर ती बातमी आली. त्याने खजूर हातात धरून विचारले, ‘मग इतके दिवस मी काय करत होतो?’ जुलैत राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीसाठी २१ ऑगस्टला सीईटी होणार होती, म्हणून पोरगा पुन्हा पुस्तके घेऊन बसला, तर १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. माझी अम्मी म्हणे, ‘बच्चों की तालीम अधूरी रह गई.’ आमच्या घरात तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, नाहीतर नाटकाची तयारी. थोरला म्हणाला, ‘दादी, तालीमच चाललीय. नाटक रद्द होतंय.’

मी डॉक्टरांना दोष देत नाही. त्या एप्रिलमध्ये माझ्याबरोबर डी.एड. केलेला मित्र गेला. शेजारच्या गल्लीत एकाच घरातून आठवड्यात दोन जनाजे निघाले. अम्मीला साखरेचा आजार, मी रोज शंभर घरांत फिरणारा. अंगणात कपडे बदलून, आंघोळ करूनच मी आत जात असे. शाळा बंद ठेवली हे मला तेव्हाही समजत होते आणि आजही समजते. लोकांनाही समजत होते. अडाणी म्हणून त्यांना कमी लेखू नये, मरणाची भीती त्यांना माझ्याइतकीच होती. त्यांना छळले ते बंद शाळेने नाही, तारखांनी. तारीख ऐकली की माणूस तिच्याभोवती घर मांडतो. मजुरीला जायचे की थांबायचे, फोन घ्यायचा की नाही, पोरीला आत्याकडे ठेवायचे की आणायचे, हे सगळे तारखेवर ठरते. आणि ती तारीख गावात घेऊन जाणारा मी होतो.

२०२१ च्या पावसाळ्यात हे सगळे पुन्हा झाले. जुलैत ठरले की ज्या गावांत महिनाभर रुग्ण नाही तिथे १५ जुलैपासून आठवी ते बारावी सुरू करावी. आमच्या गावात रुग्ण नव्हता, पण आमची शाळा सातवीपर्यंत. मग १० ऑगस्टला निर्णय आला की १७ ऑगस्टपासून खेड्यात पाचवीपासूनचे आणि शहरात आठवीपासूनचे वर्ग भरतील. आम्ही तिघा शिक्षकांनी शाळा झाडली, जाळी काढली, टाकी घासली. मी फळ्यावर रंगीत खडूने ‘१७ ऑगस्ट, स्वागत’ असे लिहिले. दुसऱ्या रात्री कृती दलाचा आक्षेप आला आणि निर्णय थांबला. सकाळी जाऊन मी फळा पुसला. रंगीत खडू ओल्या फडक्याने नीट निघत नाही, स्वागत पुसट दिसतच राहिले.

त्या दिवशी भाऊ शाळेच्या फाटकाशी भेटला. खांद्यावर फवारणीचा पंप होता. मी काही बोलायच्या आत त्याला माझ्या तोंडावरून समजले. पंप खाली ठेवून म्हणाला, ‘हे तं दुबार पेरनीवानी झालं, मास्तर. पानी आला म्हनून बी टाकलं, अन् पान्यानं दडी मारली. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेले घरात बी नाही राहत.’

४ ऑक्टोबर २०२१ ला शेवटी शाळा उघडली. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरी भागात आठवी ते बारावी. नांदुऱ्याला नगरपरिषद आहे, म्हणजे नांदुरा शहर. आमच्या रस्त्यांवर बैलगाड्या आणि बकऱ्या फिरतात, पण कागदावर आम्ही मुंबईच्या रांगेत. माझी धाकटी आता सहावीत. मी ज्या गावात शिकवतो तिथे ती राहत असती तर शाळेत गेली असती. सकाळी मी डबा घेऊन निघालो तर ती उंबऱ्यावर बसलेली. तिची आई आतून म्हणाली, ‘दूसरों के बच्चों को पढ़ाने जाते, अपनी का क्या?’ रागाने नव्हे, साध्या आवाजात म्हणाली, म्हणून जास्त लागले. मी गाडीवर बसलो. ज्ञानगंगेचा पूल ओलांडला. आमच्या गावाच्या नदीचे नाव ज्ञानगंगा आहे, त्यावर पूर्वी मी वर्गात विनोद करत असे. शहराची हद्द संपते तिथे मी गाडी थांबवली. इकडे सहावी बंद, तिकडे सहावी चालू. मधे कपाशीचे एक वावर. विषाणू त्या वावरापाशी येऊन कागद वाचत असेल काय?

दोन दिवस मी धाकटीला माझ्याबरोबर शाळेत नेले आणि मागच्या बाकावर बसवले. नियमात बसत नव्हते. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, ‘अब्बा, ते सगळे मला पाहुणी म्हणतात. मी नाही येत.’

भाऊची मुलगी तेव्हा नववीत. तिची शाळा मात्र उघडली होती. भाऊने मला फोन करून सांगितले, आवाजात बऱ्याच दिवसांनी आनंद होता. ती तीन आठवडे एसटीने गेली. ऑक्टोबर संपता संपता एसटीचा संप सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये गाड्या आगारांत उभ्या राहिल्या. कर्मचाऱ्यांचीही दुःखे होती, त्यांच्यावर मी काय बोलावे? संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. ऑटोला रोजचे जाण्या-येण्याचे चाळीस रुपये. दिवाळी झाली होती, वावरे पांढरी झाली होती, कापूस वेचायला किलोमागे मजुरी मिळत होती. ती आईबरोबर वेचणीला जाऊ लागली, गाड्या सुरू होईपर्यंत म्हणून. मी दोनदा घरी गेलो. तिने पाणी आणून दिले. बोटांना बोंडांची चिरे पडलेली. मी म्हणालो, ‘बाई, गाड्या सुरू झाल्या की जायचं हं.’ तिने विचारले, ‘कधी होतील, सर?’ आणि मी तोंडात आलेली तारीख गिळली.

गाड्या सुरू झाल्या तेव्हा वर्ष संपले होते. तिचे नाव पटावर राहिले, ती गेली नाही. त्या फोनचे काय झाले, मी कधी विचारले नाही. भाऊ आजही शुक्रवारी नांदुऱ्यात दिसला की थांबतो. कापसाचा भाव सांगतो, अम्मीची तब्येत विचारतो, माझ्या बदलीचे काय झाले विचारतो. त्या दोन वर्षांत त्याने मला शंभर वेळा विचारलेला प्रश्न त्या पावसाळ्यानंतर पुन्हा कधीच विचारला नाही. मलाही अजून तो विषय काढायचा धीर झालेला नाही.

१ डिसेंबर २०२१ ला पहिलीपासूनचे सगळे वर्ग उघडले, माझ्या धाकटीचाही. जून २०२० चा गणवेश तिच्या कोपराच्या वर आला होता, तो मावसबहिणीला दिला. खेड्यात दुसरीची मुले आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसली. दाखल्यावर त्यांची पहिली पूर्ण झालेली होती. त्यांना रांग म्हणजे काय, घंटा झाली की काय करायचे, हे ठाऊक नव्हते. एक पोरगा दिवसभर दप्तर पाठीवर घेऊनच बसला. सव्वा महिन्यात ती जराशी रुळली, तोच १० जानेवारी २०२२ पासून पुन्हा बंद, या वेळी १५ फेब्रुवारीपर्यंत. वहीत ती तारीख मी लिहिलीच नाही. मग २० जानेवारीला जाहीर झाले की २४ पासून उघडा, पण स्थानिक प्रशासन ठरवेल. तेही नाही लिहिले. गटावर लोक विचारत राहिले, मी उत्तर दिले नाही. काहींना वाटले, मास्तरला गर्व झाला.

शाळा खरोखर भरली त्या दिवशी संध्याकाळी, पाच वाजता, दुसरीतल्या त्या दप्तरवाल्या पोराची आई फाटकाशी उभी होती. दिवसभर तुरीच्या काट्यात राबून आली होती, ओढणीवर भुसा. पोराचा हात धरून तिने विचारले, ‘उद्या बी हाये ना शाया?’

मी कुलूप लावत होतो. म्हणालो, ‘मी साडेदहाला येतो. तुम्ही लेकरू पाठवा.’